एमआयडीसीची नोटीस आली आहे, 'देणार नाही' म्हणता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकत असेल तर सांगा. वडिलांच्या नावावर साडेचार एकराचा एकच गट आहे, त्यात विहीर आणि दीड एकर डाळिंब. शिवारात एमआयडीसी येणार म्हणून 'जमीन का घेऊ नये ते सांगा' अशी औद्योगिक विकास कायद्याच्या कलम ३२(२) ची नोटीस हातात पडली आहे. शेजारच्या काही जणांनी संमतीपत्रं देऊन टाकली. वडील म्हणतात, मेलो तरी देणार नाही. धाकटा भाऊ म्हणतो, आत्ता चेक घेऊ, मग कोर्टातून वाढवून आणू. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि तुमचा सवाल असा की जमीन आमची, कारखाना खाजगी मालकाचा, तर सरकार मध्ये कोण? शिवाय 'खाजगी मालमत्ता सरकारला घेता येणार नाही' असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्याचा मेसेज तुमच्यापर्यंत पोचला आहे.

मी सव्वीस वर्षं जिल्हा न्यायालयात भूसंपादनाची प्रकरणं चालवतो, बहुतेक शेतकऱ्यांच्या बाजूने. पहिली चार वर्षं सरकारी वकिलांच्या हाताखाली काढली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं तेही पाहिलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या घरात एक नाही, दोन भांडणं चालू आहेत. वडिलांचं भांडण आहे 'जमीन द्यायची की नाही' याचं. भावाचं आहे 'किती पैशांना' याचं. दोन्ही रास्त आहेत, पण दोन्हींची वेळ वेगळी आणि कागद वेगळे. पहिलं आत्ता लढायचं असतं, या नोटिशीच्या उत्तरात. दुसऱ्याचा निकाल बराचसा मोजणीच्या दिवशीच लागून जातो, कोर्टात तो फक्त वाचून दाखवला जातो. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण नोटिशीला उत्तर देत नाहीत, मोजणीला हजर राहत नाहीत आणि बांधावर जेसीबी आला की 'आम्हाला विचारलंच नाही' म्हणत येतात. तेव्हा माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

आधी त्या मेसेजचं बघू. ५ नोव्हेंबर २०२४ ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आला, तो खरा आहे. वाद मूळचा मुंबईतलाच, जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या म्हाडा कायद्यावरून उभा राहिलेला. बहुमताने एवढंच ठरवलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही आपोआप 'समाजाची भौतिक संसाधनं' या घटनेतल्या शब्दांत बसत नाही. सार्वजनिक कामासाठी मोबदला देऊन जमीन संपादन करायचा सरकारचा अधिकार त्या निकालाने काढून घेतलेला नाही. सुनावणीत हा मेसेज पुढे केलात तर अधिकारी मान डोलावतील आणि पुढचं नाव पुकारतील.

आता 'सरकार मध्ये कोण' याचं उत्तर. घटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तो तिथून काढला आणि कलम ३००-अ मध्ये ठेवला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही त्याच्या मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, एवढं ते कलम सांगतं. म्हणजे सरकार घेऊ शकतं, पण कायद्याने घातलेल्या रस्त्यानेच. हा रस्ता किती पक्का हवा ते सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सविस्तर सांगितलं. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकलं जाणं, कारणांसह निर्णय मिळणं, घेण्यामागे सार्वजनिक हेतू असणं, रास्त मोबदला, प्रक्रिया वेळेत चालणं आणि ती पूर्णत्वाला जाणं, असे सात पदर न्यायालयाने या एका हक्कात मोजले. पहिले तीन पुन्हा वाचा. 'नाही म्हणण्याचा हक्क' त्यात नाही, 'ऐकून घेतलं जाण्याचा हक्क' आहे. तुमच्या वडिलांना हे कडू लागेल, पण त्यांच्या हातातलं हत्यार तेच आहे.

खाजगी कंपनीसाठी घेणं हा सार्वजनिक हेतू कसा, यावर जगभर डोकेफोड झालेली आहे. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या गावात विकास आराखड्यासाठी घरं घेतली, सुझेट केलो नावाच्या बाई आपल्या घरासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरल्या. गंमत म्हणजे (गंमत कसली!) घरं हलवल्यावरही ती जागा वर्षानुवर्षं रिकामीच पडली. आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण सिंगूरचं. २००६ मध्ये टाटांच्या नॅनो गाडीच्या कारखान्यासाठी बंगाल सरकारने तिथे हजारेक एकर घेतली, २००८ मध्ये कारखाना गुजरातेत साणंदला गेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द करून जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितली. लोकांना एवढंच माहीत असतं. पण त्या निकालातल्या दोन न्यायमूर्तींचं 'सार्वजनिक हेतू' या मुद्द्यावर एकमत नव्हतं. एकांनी म्हटलं, कंपनीसाठी घेतली, हेतू सार्वजनिक नाही. दुसऱ्यांनी म्हटलं, कारखान्याने रोजगार येतो, हेतू सार्वजनिकच आहे. दोघांचं जुळलं ते एका गोष्टीवर: शेतकऱ्यांच्या हरकती धड न ऐकता, मन न लावता निकाली काढल्या होत्या. संपादन पडलं ते या जागी. म्हणून मी अशिलांना सांगतो, 'कारखाना खाजगी आहे' हे वाक्य उत्तरात जरूर लिहा, पण सगळा भार त्यावर टाकू नका.

तुमच्या बाबतीत कायदाही थोडा वेगळा आहे. २०१३ चा केंद्राचा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, खाजगी-सरकारी भागीदारीसाठी ७० टक्के, सामाजिक परिणामांचा अभ्यास, हे सगळं त्यात आहे. पण एमआयडीसी जमीन घेते ती १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली, आणि राज्याने हा मार्ग वेगळा ठेवला आहे. मोबदल्याचं माप तेवढं २०१३ च्या कायद्याचं लावलं जातं. म्हणजे 'गावातल्या ८० टक्के लोकांनी संमती दिलेली नाही' हा मुद्दा तुम्हाला इथे फारसा उपयोगी नाही.

१९६१ च्या कायद्यातला क्रम नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची फसगत इथे होते. ३२(२) ची नोटीस म्हणजे 'जमीन का घेऊ नये याचं कारण दाखवा'. तुम्ही लेखी उत्तर देता, सुनावणी होते, निर्णय होतो. मग ३२(१) ची अधिसूचना राजपत्रात येते, आणि ज्या दिवशी ती येते त्या दिवशी जमीन सर्व बोज्यांतून मोकळी होऊन शासनाकडे जाते. पैसे मिळालेले असोत वा नसोत. ताबा नंतर मागतात, मोबदला नंतर ठरतो. केंद्राच्या कायद्यात आधी निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश), मग पैसे, मग ताबा असा क्रम आहे. इथे मालकी आधीच सरकते. त्यामुळे ३२(२) आणि ३२(१) यांच्या मधला काळ हा वडिलांच्या 'नाही'चा खरा काळ. तो कधी काही महिन्यांचा असतो, कधी वर्षांचा. ३२(१) झाल्यावर 'जमीन वगळा' म्हणत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. मंत्रालयाच्या फेऱ्या मारून त्यांच्या चपला झिजल्या, सातबारा काही परत फिरला नाही.

३२(२) च्या उत्तराने जमीन वगळली जाते का? कधी कधी, होय. कोणाची जाते याचा एक ढोबळ अनुभव आहे. क्षेत्राच्या कडेला असलेला गट वगळणं सोपं, मधोमध असलेला अवघड. राहती घरं, गावठाणाला लागलेल्या जमिनी, पाटाखालच्या किंवा बारमाही बागायती जमिनी, चालू असलेली फळबाग, कुटुंबाकडे दुसरी जमीन नसणं, या कारणांना वजन असतं. तुमच्याकडे डाळिंब आहे, विहीर आहे. गट कडेला आहे की मध्ये, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि पुष्कळसं त्यावरच अवलंबून आहे. तलाठ्याकडे किंवा एमआयडीसीच्या कार्यालयात प्रस्तावित क्षेत्राचा नकाशा बघायला मिळतो, आधी तो बघा.

उत्तर लिहिताना गावाने मिळून छापलेला अर्ज नुसती नावं बदलून देऊ नका. शंभर सारखे अर्ज आले की एका ओळीत निकाली निघतात. तुमच्या गटाचं तुमचंच लिहा: गट नंबर, क्षेत्र, लागवडीचं वर्ष, झाडांची संख्या, ठिबकचं बिल, विहिरीची खोली, मोटारीचं वीजबिल, मागच्या तीन वर्षांचा पीकपेरा, घरात खाणारी तोंडं किती. जवळ पडीक किंवा सरकारी जमीन उपलब्ध असेल तर तिचे गट नंबर द्या. 'त्याऐवजी हे घ्या' असं सांगणाऱ्या हरकतीला कारण देऊनच उत्तर द्यावं लागतं. आणि शेवटी स्पष्ट मागणी करा की प्रत्यक्ष सुनावणी द्यावी आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा. कार्यालयाच्या आवक शिक्क्यासह पोच घ्या. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर तिथे तुमच्या भावना नाही, हा शिक्का पाहिला जाईल.

आता मोजणी. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पैसा इथे हरवतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचे बारा. भूकरमापक यंत्र घेऊन बांधावर, तलाठी लिंबाखाली मांडीवर पत्रक ठेवून बसलेले, बाकीच्या विभागांची माणसं गाडीत. त्या दिवशी गावात लग्न होतं आणि माझा अशील तिकडे पंगतीत वाढत होता. त्याच्या शेतात नदीवरून आणलेली जमिनीखालची पाईपलाईन होती, बावीसशे फूट, सोसायटीचं कर्ज काढून केलेली. जमिनीखालची वस्तू दिसणार कशी? दाखवायला माणूस नाही. पत्रकात पाईपलाईनच्या रकान्यात आडवी रेघ. उन्हाने पानं गाळलेली चाळीस डाळिंबं 'झुडपे' म्हणून लिहिली गेली. जमिनीचा प्रकार सातबाऱ्यावर जुन्या काळापासून जिरायत होता, तो तसाच उतरला. सगळं मिळून वीस मिनिटं. ती वीस मिनिटं उलटवायला मला कोर्टात सहा वर्षं लागली. सोसायटीचे कर्जाचे कागद, नदीवरच्या मोटारीची बिलं, पाईप विकणाऱ्या दुकानदाराची साक्ष, एवढं करून न्यायालयाने पाईपलाईनचे निम्मे पैसे धरले. त्यातही कोणाची बदमाशी नव्हती. उन्हात उभ्या असलेल्या चार नोकरदारांनी जे दिसलं ते लिहिलं.

म्हणून तुम्ही पुण्याहून सुट्टी काढा आणि संयुक्त मोजणीला स्वतः उभे राहा. आधीपासून एक कागद तयार ठेवा: विहीर (व्यास, खोली, बांधीव की कच्ची), बोअर, पाईपलाईन कुठून कुठे, ठिबक, झाडं जातवार आणि वयासह, गोठा, शेड, ताल-बांध. त्याची एक प्रत मोजणीच्या वेळी हातात द्या, एकीवर पोच घ्या. फोटो काढताना मागे ओळखू येईल अशी खूण ठेवा, विजेचा खांब, शेजाऱ्याचं घर, काहीही. पंचनाम्यावर सही करायची असेल तर वाचून करा, आणि काही राहिलं असेल तर सहीच्या वर 'विहीर व पाईपलाईन नोंदलेली नाही, हरकत आहे' असं हाताने लिहा. सही नाकारून घरी निघून जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय. मग पंचनाम्यात 'खातेदार गैरहजर' एवढंच उरतं.

आणि कृपा करून नोटीस आल्यावर झाडं लावू नका. एका गावात लोकांनी रातोरात तीन-तीन फुटांवर चिकू खोचले होते. कृषी खात्याच्या माणसाने खाली वाकून खोड पाहिलं, हसला, आणि त्या गावातल्या खऱ्या जुन्या बागांकडेही मग सगळ्यांनी संशयाने पाहिलं. आता उपग्रहाची जुनी चित्रं कुणालाही काढता येतात.

भावाच्या प्रश्नाकडे येतो. मोबदल्याचं गणित २०१३ च्या कायद्याच्या कलम २६ पासून सुरू होतं. रेडीरेकनरचा, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दर एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्या गावातल्या किंवा जवळच्या गावातल्या तशाच जमिनींची मागच्या तीन वर्षांतली खरेदीखतं. त्यातली जास्त दराची निम्मी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. दोन्हींपैकी जे जास्त ते बाजारमूल्य. त्याला ग्रामीण भागात एक ते दोन यांमधला गुणक, कुठल्या प्रकल्पाला किती ते शासन ठरवतं. मग विहीर, झाडं, बांधकाम मिळवायचं. आलेल्या बेरजेवर शंभर टक्के दिलासा रक्कम. याशिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तिथपर्यंत.

आकडे घालून बघू. हे आकडे समजायला घेतले आहेत, तुमच्या गावाचे नाहीत. समजा तीन वर्षांत दहा खरेदीखतं झाली: एकरी २२, २०, १८, १६, १४, १२, १०, ८, ७ आणि ६ लाख. वरची पाच घेतली, सरासरी १८ लाख. गुणक दोन धरला तर एकरी ३६, साडेचार एकरांचे १ कोटी ६२ लाख. विहीर-डाळिंब-पाईपलाईन १८ लाख धरा, झाले १ कोटी ८० लाख. तेवढाच दिलासा, म्हणजे ३ कोटी ६० लाख. आता पहिली दोन खतं कोणाच्या लक्षातच आली नाहीत असं समजा. उरलेल्या आठांतली वरची चार, सरासरी १५ लाख. तेच गणित पुढे नेलं की येतात ३ कोटी ६ लाख. दोन कागद सापडले नाहीत, ५४ लाख गेले. मोजणीत विहीर आणि बाग सुटली असती तर वेगळे ३६ लाख गेले असते. जमिनीच्या दरातला एक रुपया इथे चार होतो, विहिरीतला एक रुपया दोन.

याची उलटी बाजू गावात कोणाला ऐकायला आवडत नाही. वर्षानुवर्षं आपणच खरेदीखतात कमी किंमत लिहीत आलो. एकर विकली तीस लाखाला, खतावर रेडीरेकनरपुरते नऊ लाख, बाकीचे पिशवीतून. स्टॅम्प ड्युटी वाचली. आता त्याच गावातले लोक कोर्टात शपथेवर सांगतात की आमच्याकडे तीस लाखाचा भाव आहे, आणि सरकारी वकील शांतपणे त्यांच्याच सहीचं नऊ लाखांचं खत पुढे करतो. त्यावर मलाही काही बोलता येत नाही. तेव्हा तुमचं काम असं की नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात इंडेक्स टू (नोंदलेल्या खतांचा गोषवारा) काढत बसायचं. तुमच्या गावाचे, शिवेला शिव लागलेल्या गावांचे, मागच्या तीन वर्षांचे सगळे. बँकेने तारण घेऊन झालेले व्यवहार, कंपनीने किंवा संस्थेने घेतलेल्या जमिनी, यांत खरा भाव लिहिलेला असण्याची शक्यता जास्त. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटचे दर मोठ्या क्षेत्राला जसेच्या तसे लागत नाहीत, कपात होते. तरी ती खतंही बाजूला काढून ठेवा.

'चेक घेऊ, मग वाढवून आणू' या बेतात एक भोक आहे. चेक कशाचा, यावर सगळं आहे. १९६१ च्या कायद्यात कलम ३३(२) खाली करार करून दर ठरला, म्हणजे तुम्ही संमतीने दिली, तर ठरलेली रक्कम हीच शेवटची. सह्या करून पैसे उचलायचे आणि मग वाढीव मागायची, हे न्यायालयं मान्य करत नाहीत. करार झाला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोबदला ठरतो, आणि त्याविरुद्ध तुम्ही संदर्भ, म्हणजे आपल्या बोलीतला रेफरन्स, मागू शकता: रक्कम ठरवायला प्रकरण न्यायालयाकडे पाठवा, अशी मागणी. त्याला मुदत असते आणि ती झरझर जाते. निवाड्याची नोटीस हाती आली त्याच दिवशी तिच्यावर तारीख लिहा आणि वकील गाठा. पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहूनच उचला. आमच्याकडे सगळे 'अंडर प्रोटेस्ट' म्हणतात. ते दोन शब्द लिहायचे राहिले म्हणून रेफरन्स गमावलेले लोक आहेत.

मग संमती द्यावी की नाही? इथे मी सरळ एक उत्तर देऊ शकत नाही. जिल्हा पातळीवरच्या वाटाघाटीत ठरलेला दर पुष्कळदा कायद्याच्या गणितापेक्षा थोडा वर ठेवतात, लोकांनी लवकर सह्या कराव्यात म्हणून. इंडेक्स टू काढून तुमचं स्वतःचं गणित आधी करा. वाटाघाटीचा दर त्याच्या आसपास किंवा वर असेल तर मी अशिलांना संमती द्या म्हणतो. कोर्टात सहा-आठ वर्षं जातात, पुढे उच्च न्यायालय वेगळं. वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ आणि नंतर १५ टक्के व्याज मिळतं हे खरं, पण ते जिवंत असणाऱ्याला. गणितापेक्षा दर बराच खाली असेल, खरेदीखतं भक्कम असतील आणि घर थांबू शकत असेल, तर लढा. 'प्रत्येक घरात एक नोकरी', 'परतीचा प्लॉट', 'प्रकल्पग्रस्त दाखला' यांतलं जे काही कबूल केलं जाईल ते करारात आलं पाहिजे. सभेत माईकवरून दिलेला शब्द मला अजून एकाही केसमध्ये पुरावा म्हणून वापरता आलेला नाही.

विकसित भूखंडाचा पर्याय कुठे मिळत असेल तर त्याला नाक मुरडू नका. नवी मुंबईत जमिनी गेल्या तेव्हा लोकांच्या हातात किरकोळ रकमा पडल्या होत्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. रोख पैसा तिथे कधीच संपला, भूखंड ज्यांनी राखले त्यांच्या घरात आजही भाडं येतं. पुण्यातल्या मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तर कोणी संपादन करायच्या आत आपली सुमारे चारशे एकर एकत्र करून स्वतःच नगर उभारलं. प्रत्येक गावाला ते जमणार नाही, पण जमीन देणं आणि जमिनीतून बाहेर पडणं हे एकच नसतं, एवढं त्यातून दिसतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, म्हणून विचारतो. बहिणी किती? जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हिस्सा आहे, आणि त्या वेळी वडील हयात असायला हवेत ही अट लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी. निवाडा जवळ आला की कुठून तरी एक हरकत येते, रक्कम न्यायालयात जमा होते आणि बसते. माझ्याकडे एका आत्याच्या नावावरून सात वर्षं अडकलेली रक्कम होती. आत्या कोर्टात भावाच्या शेजारीच बसायची, डबाही एकत्र खायचे. मोजणीच्या आधी सगळे एका खोलीत बसा. सातबाऱ्यावर 'इतर हक्कात' जुनं कूळ, सोसायटीचा बोजा, मयताची नावं असतील तर ती कामं याच महिन्यात हाती घ्या.

वकिलाबद्दलही. 'एक पैसा देऊ नका, वाढीव मिळेल त्यातले अमुक टक्के' असं सांगणारा कोणी दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. निकालाच्या रकमेत हिस्सा घेणं आमच्या व्यवसायाच्या नियमांत बसत नाही, आणि कोऱ्या चेकवर सह्या घेणारे बहुधा तेच असतात.

उरलेत तुमचे वडील. त्यांना 'अहो, कायदाच तसा आहे' असं समजवायला जाऊ नका. १९२१ मध्ये मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळे उठले तेव्हा घोषणा होती 'जान किंवा जमीन'. धरण झालं. पण शंभर वर्षांनी त्या घोषणेतलं काय खोटं ठरलं, ते मला सांगता येत नाही. माझ्या एका म्हाताऱ्या अशिलाने निवाड्याची प्रत हातात घेतली, 'दिलासा रक्कम' या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'वकीलसाहेब, हा दिलासा कोण कोणाला देतंय?' मी आकडा वाचून दाखवला, कारण दुसरं उत्तर नव्हतं. वडिलांना व्यवहाराची एक भीती असेल तर ती खरी आहे: एमआयडीसी येणार म्हटल्यावर आसपासच्या जमिनींचे भाव चढतात, आणि मोबदल्यात तेवढीच, तशीच, पाण्याची जमीन जवळपास मिळत नाही. पैसे येण्याची वाट न बघता दहा-पंधरा मैलांवर काय मिळतंय ते आतापासून त्यांना घेऊन बघत राहा.

३२(२) चं उत्तर मात्र त्यांच्याच सहीने आणि त्यांच्याच शब्दांत जाऊ द्या. डाळिंब कोणत्या साली लावलं, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, हे त्यांना तोंडपाठ असणार. तुम्ही फक्त लिहून घ्या. सुनावणीला त्यांना घेऊन जा, बोलू द्या. नोटिशीवर उत्तराची मुदत लिहिलेली असते, ती तारीख आणि तुमचा गट नकाशात नेमका कुठे आहे, एवढं कळवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे की नाही तेही बघून सांगा. नसेल तर मोजणीच्या आधी ती लावून घेण्याचा अर्ज कसा करायचा ते पुढच्या उत्तरात लिहितो.